सेथने जिना चढून दाखवला

फ्लीटवुड, १२ मार्च १९९४

ती. नोरावन्सं यांना आयव्हीचा सा. न. वि. वि.

तुमचा गुडघा कसा आहे? तुम्ही विणलेला स्वेटर तुमच्या भावाला घट्ट होतो, पण अंगातून काढतील तर शपथ.

सोमवारी अखेर नगर कौन्सिलची बाई पाहणीला आली. दहा महिने वाट पाहत होतो. खाली मागच्या खोलीत संडास-न्हाणी बांधून द्यायची की नाही, ते तिच्या अहवालावर ठरणार. कंपवात झाल्यापासून यांना वर न्यायचं म्हणजे मी मागून पाठीला खांदा लावून एकेक पायरी ढकलते.

आणि या माणसाने काय करावं! दाढी केली, टाय बांधला, गोळी वेळेआधीच घेतली. जिना जमतो का, असं बाईने विचारलं तर म्हणाले, चाळीस वर्षं वादळात मासे धरलेत, तेरा पायऱ्यांचं काय घेऊन बसलात! आणि चढले हो, एकटे! बाई हसली आणि तिने लिहून घेतलं. मी बोलणार, तेवढ्यात यांनी असं पाहिलं की मी चहा ओतायला निघून गेले. ते माझंच चुकलं. नंतर दोन दिवस अंथरुणातून उठले नाहीत.

तुमचं ऐकतात. चार शब्द सुनवा. आमच्यावरची माया आहे तशीच राहू द्या.

तुमची,
आयव्ही

हल, १७ मार्च

चि. सेथ यास अनेक आशीर्वाद.

गाढवा, त्या बाईला तुझ्याशी लग्न करायचं नव्हतं! मग टाय कुणासाठी? तिला फक्त एवढंच बघायचं होतं की तुला काय जमत नाही. आजच कौन्सिलला पत्र लिही. खोटं बोललो, पुन्हा या, म्हणून सांग. आयव्ही एकाहत्तर वर्षांची आहे, गोदीवरची हमाल नव्हे. रागावलास तरी ताईला विसरू नकोस.

तुझी,
नोराताई

फ्लीटवुड, ४ एप्रिल

ती. ताईस शि. सा. न.

कौन्सिलचा नकार आला. अर्जदार स्वतः जिना चढू शकतात, असं लिहिलंय. वाचून बरं वाटलं, खोटं कशाला सांगू? परक्या बाईपुढे मी माझं हगणं-मुतणं मांडू? आयव्हीचे खांदे अजून दणकट आहेत, असं मी म्हणालो तर ती लाटणं घेऊन धावली. तू काळजी करू नकोस.

तुझा,
सेथ

फ्लीटवुड, २९ मे

ती. ताईस शि. सा. न.

आयव्हीच्या दफनाच्या दिवशी तू माझ्याशी बोलली नाहीस. बरोबरच केलंस.

पण कसं झालं, ते माझ्याकडून ऐक. नवव्या पायरीवर पाय गोठला. आयव्ही म्हणाली, दम घ्या, घाई नाही. मी म्हणालो, मला शिकवू नकोस, आणि पाय उचलला. मागे पडलो तो तिच्या अंगावर. मला खरचटलंसुद्धा नाही. ती चार दिवस इस्पितळात होती. पहिल्या दिवशी नर्सला सांगत होती की चूक तिचीच, तिचा हात सुटला.

पंधरा दिवसांपूर्वी कौन्सिलची बाई पुन्हा आली. मीच पत्र घातलं होतं. या खेपेला खुर्चीतून उठलो नाही. वर्षभर बादली कोण उचलत होतं, मला कोण पुसत होतं, सगळं सांगितलं. ती मान खाली घालून लिहीत होती. मग हळूच म्हणाली की पहिल्या वेळी याच्या अर्धं सांगितलं असतंत तरी काम झालं असतं. आता हे सगळं कोण करतं, असंही तिने विचारलं.

काम मंजूर झालंय. गवंडी महिन्याभरात येतील. शेजारीण सकाळी डोकावते, दुपारनंतर कुणी नसतं. काल ओल्यातच बसून होतो.

एवढं लिहायला दोन दिवस लागले. माया ठेव, असं लिहायचा मला हक्क नाही. पण ताई, मला एकट्याला जमत नाही. तू ये.

सेथ