दाराची दुसरी तपासणी

६ ऑक्टोबर, सोमवार
कैरुआनहून काल स्फाक्सला आले आणि गाव एका दिवसात आवडलं. लिफ्टची नियंत्रणं बनवणारी छोटीशी कंपनी, चौथा मजला, खिडकीतून बंदर दिसतं. लझहरकाका इथले जुने मेकॅनिक. माझ्या हातातला मक्रूदचा, आमच्याकडच्या खजुराच्या मिठाईचा, डबा बघून म्हणाले, रिकाम्या हाताने आली असतीस तर खालूनच परत धाडली असती!

मालकीणबाई मादाम नजीबा यांनी काम समजावलं. दारांचा सगळा कारभार कंपनीच्या एका खासगी लायब्ररीत, म्हणजे कोडच्या वेगळ्या फाइलमध्ये, आहे. ती माझ्या लॅपटॉपवर कंपाइल करायची, म्हणजे कोडमधून फाइल बांधायची, पण चालणार नव्या लिनक्स बोर्डावर, ज्याची चिप वेगळी. शिवाय दार लागलंय का हे ती दोनदा तपासते, त्यामुळे लिफ्ट उगाच अडते म्हणून गिऱ्हाइकं कुरकुरतात. दुसरी तपासणी काढून टाकायची. ही लायब्ररी लिहिणारा मोंधर आठ महिन्यांपूर्वी सोडून गेला म्हणे. पुढच्या गुरुवारी एका दवाखान्यात दोन लिफ्ट बसवायच्या आहेत. दोन दिवसांचं काम.

८ ऑक्टोबर, बुधवार
कसले दोन दिवस! काल दिवसभर बोर्ड फाइल उघडायलाच तयार नव्हता. शेवटी कळलं, जोडणी करताना माझ्याच लॅपटॉपची एक लायब्ररी आत घुसत होती. ते निस्तरलं. आज फाइल चढली, चालली, आणि चाचणीची लिफ्ट अडली. दुसरी तपासणी तशीच! म्हणजे बोर्ड जुनीच लायब्ररी उचलतोय. जुनी पुसली. नवी ठेवली. चहा पिऊन आले तर पुन्हा जुनी. डोकं फिरायची वेळ आली.

१० ऑक्टोबर, शुक्रवार
बोर्ड कोरा केला. फाइल शोधायचे मार्ग बदलले. फाइलचं नावसुद्धा बदललं. चौदा वेळा बांधली, चौदा वेळा तेच. प्रत्येक फाइलमध्ये ती कुणी आणि कधी बांधली याची नोंद आपोआप पडते. आज ती उघडून बघितली. बांधणारा: मोंधर. आज, सकाळी अकरा सात.

त्याचं खातं कुणीतरी वापरतंय. चावटपणा आहे. काकांना झापलं, तर ते म्हणाले, पोरी, मला साधा फोन लावता येत नाही.

१३ ऑक्टोबर, सोमवार
नवा लॅपटॉप. नेट बंद. खोलीला कुलूप, आत मी एकटी. दुपारी साडेबाराला बांधली.
बांधणारा: मोंधर. साडेबारा.

काकांनी शेवटी तोंड उघडलं. मोंधर सोडून गेला नाही. याच इमारतीच्या लिफ्टमध्ये मादामने घाईघाईत दुसरी तपासणी काढलेली फाइल चढवली होती, त्याला न सांगता. दार उघडलं, तो आत गेला, आणि आत लिफ्टचा डबाच नव्हता. तळापर्यंत खाली नुसती पोकळी.

१४ ऑक्टोबर, मंगळवार
मादामला सगळं सांगितलं. त्यांचं उत्तर, भुताखेतांच्या गोष्टींचा पगार देत नाही मी. जमत नसेल तर तसं सांग, बदली माणूस मिळेल. राग आला. घरी पैसे पाठवायचेत, आणि एका मेलेल्या माणसापुढे हरायचं?
बावीस वेळा. बावीस वेळा त्याचंच नाव.
फाइलमध्ये आता एक जादा ओळ आहे. मी लिहिलेली नाही. "काढू नकोस."

१५ ऑक्टोबर, बुधवार
जमलं! लायब्ररी वेगळी ठेवलीच नाही, मुख्य प्रोग्रॅममध्येच विरघळवून टाकली. बदलायला आता फाइलच उरली नाही. बांधणारा: सिहेम. माझं नाव! इमारतीच्या लिफ्टमध्ये चढवली. न अडता वरखाली पळतेय. मादामने पाठ थोपटली.
पण —
बोर्डाच्या पडद्यावर एकच शब्द येतोय, पुन्हा पुन्हा. "थांब." पुसते. येतो.

१६ ऑक्टोबर, गुरुवार, सकाळी दहा
चौथ्या मजल्यावर लिफ्टसमोर बसलेय. दवाखान्यात न्यायच्या आधीची शेवटची चाचणी, नोंदी इथेच करतेय.
पडदा कोरा. आज तो काही बोलत नाही.
अडवायला कुणी उरलंच नाही आता. मीच त्याला पुसलं —
दहा चार. दार उघडलं. पडद्यावर: मजला चौथा, दार बंद.
दार तर उघडं आहे. आत काळोख. नुसत्या तारा —
काका अवजारांची पेटी पोटाशी धरून थेट दाराकडे येतायत, मान मागे वळवून मादामशी बोलत —
ओरडतेय, काका, थांबा, थां