उलट्या बाजूचा जिना

४ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. ‘आहेस की नाहीस’ असं विचारलंस, तर आहे. फक्त बोटं बघून तुला ओळख पटणार नाही. ती शाईने काळी आणि ॲसिडने पिवळी झाली आहेत. भिंती खराब करतो म्हणून तू मला रेघोट्या म्हणायचीस. आता त्याच रेघोट्यांवर पोट भरतोय, तेव्हा नाव बदलू नकोस.

मी इथे नेमकं काय करतो, असं आई विचारते म्हणतेस. तिला सांग, तांब्याच्या गुळगुळीत पत्र्यावर मेणाचा थर द्यायचा, सुईने मेण खरवडून चित्र काढायचं आणि पत्रा ॲसिडमध्ये बुडवायचा. जिथलं मेण निघालं तिथलं तांबं ॲसिड खातं आणि खाच पडते. खाचांत शाई भरायची, वरून पत्रा लख्ख पुसायचा, ओलसर कागद ठेवून यंत्राखाली दाबायचा. पत्र्यावर सगळं उलटं काढावं लागतं, तेव्हा कुठे कागदावर सुलटं उमटतं. माझी रंगवलेली चित्रं मात्र खाटेखाली पडून आहेत. त्यांना कोणी विचारत नाही.

इथल्या छापखान्याच्या मालकाला चित्रांत हवं असतं ते आपलं घर. एकदा सहज म्हणून आपला जिना काढला, तो गिऱ्हाइकांना इतका आवडला की मालकाने सगळ्या घराची चित्रमालिका करायला लावली. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय! मालिका पुरी झाली की मी मोकळा, असा करार आहे. पण ती संपत आली की त्याला आणखी एक कोपरा हवा होतो. माझी कागदपत्रं त्याच्या कुलपाच्या खणात आहेत आणि माझं या परक्या देशातलं राहणं त्याच्या शब्दावर आहे. तळघरात बसून सतत आपलंच घर काढतोय आणि घरी येता येत नाही.

आईच्या डोळ्यांचं काय झालं? लपवू नकोस.

ती. आईस सा. न. लोभ आहे तसाच राहू दे.

तुझा,
रेघोट्या

२ मार्च

चि. रेघोट्या यास,
अ. उ. आ.

लपवू नकोस म्हणालास, म्हणून सरळ लिहिते. आईची नजर गेली. उजेड आणि अंधार एवढंच तिला कळतं, आणि डॉक्टर म्हणतात की आता यात सुधारणा नाही. घरात मात्र ती कोणाचा हात धरत नाही. भिंतीला बोटं लावून स्वयंपाकघरात जाते, कोनाड्यातली काडेपेटी बरोबर काढते, वर मला दिवा लावायला सांगते. मी चिडले की म्हणते, तुझ्यासाठी लाव.

मला मुख्याध्यापिकेची जागा मिळाली आहे, पण दुसऱ्या गावी. जूनपर्यंत ते थांबतील. आईला विचारलं तर ती उंबरठ्याबाहेर पडायला तयार नाही. म्हणते, हे घर माझ्या हाताला पाठ आहे, दुसरीकडे मी आंधळी होईन. तिचं चूक आहे असं मला म्हणवत नाही. तिला सोडून जाता येत नाही, नेता येत नाही. इकडे आड, तिकडे विहीर. तू आलास तर माझी सुटका होईल, हे लिहायला मला लाज वाटत नाही. आणि ‘एखादी बाई ठेव’ वगैरे उंटावरून शेळ्या हाकू नकोस.

तुझ्या कामाचं वर्णन वाचून दाखवलं. त्या खाचा हाताला लागतात का, असं तिने दोनदा विचारलं. लागत असतील तर एखादा पत्रा पाठव.

जेवत जा. माया आहेच, ती कुठे जात नाही.

तुझी,
ताई

३० मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र खिशात घेऊन मालकाकडे गेलो. आईचं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, खुर्चीही दिली, आणि म्हणाला की माजघराची दोन चित्रं झाली की बघू. हा मनुष्य ओरडत नाही गं. ओरडला असता तर भांडता तरी आलं असतं.

एक पत्रा पाठवतो आहे. कागदावर ठरल्याइतके ठसे काढून झाले की मालक स्वतः पत्र्यावर आडवी रेघ ओढून तो बाद करतो, म्हणजे मागाहून कोणी चोरून ठसे काढू नयेत. असा बाद पत्रा मागून घेतला. आईला सांग, मधली लांब खाच म्हणजे भिंतीची भेग नव्हे, मालकाची मेहेरबानी आहे. ॲसिडमध्ये बराच वेळ ठेवलेला पत्रा निवडला आहे, तेव्हा बोटांना नीट लागेल. दारातून आत आल्यावर दिसतं तसं सगळं घर त्यात आहे.

जूनच्या आत येण्याची खटपट करतो. तिचा हात पत्र्यावर फिरला की लगेच कळव.

तुझा,
रेघोट्या

२१ एप्रिल

चि. रेघोट्या यास,
अ. उ. आ.

तुला आणि मला दोघांनाही अक्कल नाही.

आई पत्रा मांडीवर घेऊन बसली. चौकट ओळखली, हसली. मग उजवीकडे जिना शोधायला लागली, तर तिथे नळ. जिना डावीकडे, कोनाडा भलत्याच भिंतीला. दोनदा सगळं चाचपून तिने पत्रा बाजूला ठेवला आणि म्हणाली, तो घर विसरला. त्या दिवशी जेवली नाही. तू उलटं काढतोस हे मला लिहिलं होतंस, पण माझ्या टाळक्यात शिरलं नाही. मागून समजावलं, तर म्हणाली, आपलं घर कोणी उलटं लक्षात ठेवतं का? आता ती तुझं नाव काढत नाही. मला फार वाईट वाटतं, आणि रागही येतो. कोणाचा, ते कळत नाही.

यावर काही करता आलं तर कर.

तुझी,
ताई

१६ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

केलं. पत्र्यावर घर सरळ काढलं. तुला हसू येईल, पण इतक्या वर्षांत हाताला असं वळण लागलंय की सुई आपोआप डावीकडे जिना काढायला धावते. तीनदा मेण पुसून पुन्हा सुरुवात केली. हाताला दटावत, पहिलीच्या पोरासारखा, उजवा-डावा घोकत बसलो. वरून तिसरी पायरी कोपऱ्यात फुटकी आहे, तीही काढली.

मालकाने तो पत्रा पाहिला आणि ठसा काढायला लावला. कागदावर अर्थात घर उलटं आलं. त्याला वाटलं, माझा हात चुकला. माझ्यादेखत त्याने पत्रा भंगारात टाकला आणि मला नव्या कामाला बसवलं. मी तो तसाच उचलला आणि तुझ्याकडे धाडला. माझ्या इतक्या पत्र्यांत इथून बाहेर पडलेला धड असा हा एकच.

माझं मात्र जूनमध्ये जमत नाही. मालक आता पुढल्या वर्षाचं बोलतो. ताई, मी तुलाही अडकवून ठेवलंय. मला माफ कर असं तरी कोणत्या तोंडाने म्हणू?

ती. आईस सा. न., ती घेत असेल तर.

तुझा,
रेघोट्या

१० जून

चि. रेघोट्या यास,
अ. उ. आ.

आईने घेतला. नमस्कारही आणि पत्राही.

आधी हात लावायलाच तयार नव्हती. मी तिचं बोट धरून चौकटीवर ठेवलं आणि बाजूला झाले. बोट उजवीकडे सरकलं, जिना सापडला. फुटक्या पायरीशी थांबली आणि मोठ्याने हसली. इथेच आपटून तू हनुवटी फोडून घेतली होतीस म्हणाली, आणि मग बराच वेळ रडली. त्या दिवसापासून पत्रा मांडीवरून खाली उतरत नाही. पाहुण्यांना सगळं घर बसल्या जागी फिरवून आणते.

आणि काल काय झालं ते ऐक. भाजी निवडता निवडता मला म्हणाली, तुझी ती जागा अजून रिकामी आहे का? आहे म्हटलं. तर म्हणे, मग जाऊ या. घर आता मांडीवर मावतं, कुठेही नेता येईल.

मी भाजी तशीच टाकून शाळेला कळवायला गेले. तिने विचार बदलण्याआधी निघायचं आहे. उद्या सामान हलेल, भाड्याच्या या घराची किल्ली घरमालकाला देऊ. तो म्हणतो, घर पाडून नवं बांधणार. आईला हे सांगितलेलं नाही. तू आम्हा दोघींना सोडवलंस रे. खूप मोठा हो.

खाली नवा पत्ता लिहिला आहे. आता तिकडेच ये, पण ये.

तुझी,
ताई

४ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

नव्या जागेबद्दल अभिनंदन. मुख्याध्यापिकाबाई, पोरांना भिंतीवर रेघा मारल्या म्हणून शिक्षा करू नका.

घर पाडणार हे मी मालकाला सांगितलं. मनात आशा होती की आता तरी मालिका संपली म्हणेल. तो खूश झाला. म्हणाला, मग घाई कसली, आता कोणी ताडून बघायला जाणार नाही, हवे तेवढे कोपरे वाढवता येतील. त्याने नवे पत्रे मागवले आहेत आणि गच्चीपासून सुरुवात करायला सांगितलंय.

तुम्ही दोघी सुटलात याचा मला आनंद आहे, अगदी मनापासून आहे. पण काल सुई हातात घेतली तेव्हा वाटलं, तुम्ही सामान हलवलंत, किल्ली दिलीत, आणि त्या घरात आता मी एकटाच राहतोय.

आईस सा. न. मला विसरू नका.

तुझा,
रेघोट्या