तळ्यापलीकडचा डाग

प्रिय छोट्या,

दर रविवारी तू फोनवर विचारतोस, आई कशी आहे, आणि मी म्हणते, मजेत. उन्हाळ्यात तू तिला न्यायला आलास तेव्हाही मीच हट्टाला पेटले होते, की मी आहे ना, तिला इथून हलवायचं नाही. तुझी बायको हळूच म्हणाली होती, ताई घरात असतात हो, पण डोकं प्रुफं तपासण्यात असतं. दोन दिवस मी तिच्याशी धड बोलले नाही. आता वाटतं, तिने फारच सौम्य शब्द वापरले. फोनवर मला खोटं सहज जमतं. कागदावर ते मलाच आधी दिसतं, दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधायची सवय ना, म्हणून हे पत्र.

या हिवाळ्यात मी फोटोंचा एक प्रयोग सुरू केला. घरामागचं तळं गोठलं, आणि मी रोज पहाटे वळसा घालून पलीकडच्या काठावर जायला लागले. ट्रायपॉडच्या तीन पायांच्या जागी तीन दगड रोवले, म्हणजे चौकट तसूभरही बदलू नये. लेन्सवर उजेड अडवणारी काळी काच लावायची, म्हणजे शटर चार मिनिटं उघडं ठेवता येतं. उजाडायच्या आधी समोरचा, आपल्या घराकडचा काठ डोळ्यांना दिसतच नाही, नुसतं धुकं, पण कॅमेरा चार मिनिटं थेंब थेंब उजेड साठवत राहतो आणि वेत, झाडं, सगळं कागदावर यावं तसं उमटतं. गंमत म्हणजे हलणारं काहीच येत नाही. एकदा एक कुत्रा अख्खं तळं पार करून गेला, फोटोत त्याचा केससुद्धा नाही. येतं ते फक्त स्थिर उभं असलेलं. ती चार मिनिटं मी टोपी कानांवर ओढून, जास्तीची बॅटरी गार पडू नये म्हणून काखेत धरून, घड्याळाकडे बघत खांबासारखी उभी असायचे. खरं सांगते, इतकं शांत मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

पहिल्याच फोटोत समोरच्या झाडाखाली एक डाग होता. तांदळाच्या दाण्याएवढा, उभा, कडा पुसट. लेन्सवर धूळ असेल म्हणून संगणकावर तो पुसला आणि वहीत लिहिलं: डाग, पुसला. दुसऱ्या दिवशीही तेच. नऊ दिवस माझ्या वहीत तेच दोन शब्द आहेत, माझ्याच सुबक अक्षरात. धुळीचा डाग रोज एकाच जागी पडतो, हे मला माहीत आहे. हा सरकत होता. तरी मला ते खटकलं नाही, कारण पुसला की फोटो सुंदर दिसायचा.

त्याच दिवसांत मागच्या दाराशी आईच्या सपाता ओल्या असायच्या. मी तिच्यावरच खेकसले, या थंडीत कुंड्यांना पाणी कसलं घालतेस, झाडं काय चहा मागतात का? ती ओशाळून हसली. 

दहाव्या दिवशी, मूळ फोटो टाकून द्यायचे नाहीत या माझ्या शिस्तीपायी, मी ते सगळे ओळीने लावले. पहिल्यात तो डाग झाडाखाली. मग वेताच्या मागे. मग वेतात. आठव्यात अगदी काठावर. नवव्यात बर्फावर, पाचसहा पावलं आत. जिथे ओढा तळ्याला मिळतो ना, आणि बर्फ कधीच नीट धरत नाही, त्या बाजूला. मी तो मोठा करून पाहिला. चेहरा नव्हता. पण उजवा खांदा जरा खाली होता, आईचा असतो तसा, आणि एक हात कपाळावर, लांबचं बघताना धरतात तसा. अंगावर माझा जुना राखाडी कोट होता. छोट्या, चार मिनिटं ती तशी उभी होती. नऊ दिवस. आणि मी तिला पुसत होते.

न्याहारीला मी शक्य तितक्या सहज आवाजात विचारलं, की सकाळी कुठे जातेस गं? तिने दाराकडे बघून घेतलं आणि आवाज खाली आणून सांगितलं, पलीकडच्या काठावर एक बाई उभी असते. रोज. तिच्या पाठीमागे उजाडत असतं म्हणून तोंड दिसत नाही. हलत नाही, बोलत नाही. मला भीती वाटते तिची, पण एवढ्या थंडीत बाईमाणसाला एकटं कसं सोडायचं? रोज थोडी जवळ जाते, म्हटलं घाबरायला नको. हे सगळं ती मला सांगत होती, बसमध्ये शेजारी बसलेल्या अनोळखी बाईला सांगावं तसं.

त्या दिवसापासून मी पहाटे बाहेर पडलेले नाही. दाराला वरची कडी लावते आणि तिथेच गादी टाकून झोपते. वाटलं होतं, मी तिथे उभी नसले की प्रश्न मिटला. आज चौथा दिवस. पहाटे आई स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी होती, मी तिच्या खांद्याला खांदा लावून. तिने बोट दाखवलं, आली बघ ती. मी बघितलं. पांढरं धुकं, आणि त्यात काहीतरी, किंवा काहीच नाही, मी शपथेवर सांगू शकत नाही. कॅमेरा फडताळात होता. चार मिनिटांत निकाल लागला असता. स्वल्पविराम दोनदा तपासणारी मी, मला तो खाली काढायची हिंमत झाली नाही. आईने माझे दोन्ही हात धरले आणि विनवायला लागली, अहो बाई, एवढी कडी काढा ना, ती एकटी आहे हो. मी काढली नाही. पण डुलकी लागेल, फोन वाजेल, एक सकाळ चुकेल, आणि मला ती एक सकाळ आता सतत दिसते. पुढच्या आठवड्यात ऊन तापायला लागेल, बर्फ पातळ होईल. त्याआधी ये आणि आईला घेऊन जा. मी एकटी तिला पुरी पडत नाही. हे वाक्य चार वेळा खोडलं, पाचव्यांदा तसंच ठेवतेय.

तुझीच,
ताई