एका कप्प्यातले श्वास

४ मार्च

“रात्रभर माझे श्वास काय मोजत बसतेस, झोप की आता,” असं तो एकदा म्हणाला होता, लग्नाच्या पहिल्या वर्षात. आज नव्या ऑफिसच्या पायऱ्या चढताना ते आठवलं आणि एकटीच हसले. आता श्वास मोजण्याचाच पगार मिळणार!

खोली छान मिळाली. खिडकीतून सकाळचं ऊन थेट पलंगावर येतं. घरमालकीणबाईंनी विचारलं, एकट्याच का? मी हो म्हटलं, तर मग दोन उशा कशाला, असं म्हणत त्या एक उशी परत घेऊन गेल्या. राग नाही आला. बाई सरळ आहेत.

ऑफिसात साहेबांना सगळे काका म्हणतात. माणूस बोलका. आपल्याच कंपनीचं श्वासाचं यंत्र लावून त्यांची आईसुद्धा झोपते आणि सकाळी उठली की सुनेला विचारते म्हणे, काल रात्री मी कितीदा मेले गं?

५ मार्च

काम समजलं. झोपेत ज्यांचा श्वास अडकतो त्यांच्यासाठी आमचं यंत्र: नाकावर मास्क, उशाशी डबा. प्रत्येक श्वासाची एक ओळ आमच्या डेटाच्या कोठारात येऊन पडते. ओळीवर त्या यंत्राच्या नंबराचा टॅग, आणि प्रत्येक टॅगला स्वतःचा कप्पा. यंत्रं वाढत गेली, कप्पे इतके झाले की आता कोठारालाच धाप लागलीय, असं काका म्हणाले. मी टॅगचे गट पाडायचे. त्याला बटण वगैरे काही नाही. एपीआयमधून, म्हणजे ठरलेल्या भाषेत, कोठाराला निरोप धाडायचा की या टॅगचे इतके गट कर. कोण कुणाच्या शेजारी पडणार हे कोठार स्वतः ठरवतं. मग एका गटातल्या सगळ्यांच्या ओळी एकाच कप्प्यात.

जुन्या ओळींना धक्का लागत नाही, यापुढे येणाऱ्याच एकत्र होतात. हे मी काकांना पुन्हा पुन्हा विचारून घेतलं. ते म्हणाले, किती काळजी करता हो!

कुणाला सांगितलेलं नाही, पण इथे त्याचाही कप्पा आहे. त्याच्या सगळ्या रात्री इथे आहेत. नोकरी धरली ती त्यासाठीच.

८ मार्च

निरोप धाडला. गटांची संख्या सोळा. कोठाराने उत्तर दिलं, मान्य. दुपारपर्यंत सगळं सुरळीत चालू झालं, काकांनी सगळ्यांना चहा पाजला.

जेवणाच्या सुट्टीत त्याचा कप्पा उघडला. शेवटच्या रात्रीची शेवटची ओळ वाचली. पुढे काही नाही. जेवणाचा डबा तसाच बंद करून ठेवला, जेवले नाही.

संध्याकाळी नणंदेचा फोन. वहिनी, दादाचं ते यंत्र अजून बॅगेत घेऊन फिरतेस का गं, कुणा गरजूला तरी देऊन टाक, असं म्हणाली आणि मग स्वतःच रडायला लागली. मीच तिची समजूत काढत बसले.

११ मार्च

सातव्या गटात त्याच्या नंबराच्या ओळी आहेत. नव्या. काल रात्रीच्या.

यंत्र तर बॅगेत आहे, वायर गुंडाळून. काका म्हणाले, कुठून तरी जुन्याच ओळी परत आल्या असतील, होतं असं. मी मान डोलावली. पण दोन आखूड श्वास, एक लांब, मग काहीतरी आठवल्यासारखा थांबायचा आणि घाईघाईने पुढचा. ही चाल मी हजारांत ओळखेन. आणि जुन्यातली एकही रात्र हुबेहूब अशी नाही. मी सगळ्या ताडून पाहिल्या.

बाथरूममध्ये जाऊन रडले. आनंदाने रडले, खोटं कशाला लिहू.

१३ मार्च

सकाळी आल्या आल्या तोच गट उघडला. छान झोपला होता. आजारपणात कधी इतका झोपला नव्हता.

मग बाकीच्यांच्या ओळी पाहिल्या. सातव्या गटातल्या सगळ्यांचे श्वास रात्री अडकत आहेत, आधीपेक्षा खूप जास्त. दुसऱ्या गटांत तसं नाही. कुणाचातरी श्वास तुटतो, आणि नेमक्या त्याच क्षणी माझ्या नवऱ्याची ओळ येते. दर वेळी.

काकांना सांगायला हवं होतं. त्यांच्या टेबलापर्यंत गेले आणि स्टेपलर मागून परत आले.

१४ मार्च

काका उशिरा आले. आईला पहाटे दवाखान्यात न्यावं लागलं. यंत्र चालू होतं, हवा येत होती, पण श्वास तिच्यापर्यंत पोचतच नव्हता म्हणाले. वाचली. शुद्धीवर आल्यावर म्हातारी म्हणाली म्हणे, कुणीतरी शेजारी येऊन झोपलं होतं रे, फार दमलेलं होतं बिचारं. हे सांगताना काका हसत होते. चहा मात्र तसाच राहिला.

तिचा नंबर शोधला. सातवा गट.

बिचारं म्हणाली ती त्याला —

१५ मार्च

गट पाडायचा नियम काढून टाकला की ज्याचा कप्पा त्याला. सगळे सुटतील. त्याच्या कप्प्यात मात्र तो एकटा. तिथे घ्यायला कुणाचा श्वास आहे?

नमुन्याचं एक यंत्र काकांकडून मागून घेतलं, माझ्या नावावर. तुम्हालाही त्रास आहे का, त्यांनी विचारलं. नवीनच सुरू झालाय, म्हटलं.

चाचणीसाठी वेगळं कोठार उघडायची मला परवानगी आहे. उघडलं. दोनच टॅग तिकडे वळवले, त्याचा आणि माझा. गटांची संख्या एक.

मान्य.

मग जुना नियम काढला. काकांची आई आता मोकळी. सगळे मोकळे. मी नियम नुसताच काढू शकले असते, पण त्याला पुन्हा एकदा पोचवून यायचं — नाही, ते माझ्याने —

१६ मार्च, दुपार

पडदे ओढलेत. मास्क लावलाय. लॅपटॉप शेजारी, वही छातीवर.

माझी ओळ. माझी. माझी.

त्याची.

आलास —

माझी एक गेली. दुखत नाही. अंगावरचं पांघरूण सरकावं तसं वाटतं, एवढंच. थंडीत सगळं पांघरूण तुझ्याकडे असायचं आणि सकाळी वर तोंड करून विचारायचास, मी कुठे ओढलं? अगदी तसाच आहेस —

तुझी. परत तुझी.

अक्षर नीट येत नाहीये —

तुझी

ऐक ना. माझं कधी ऐकलंस म्हणून आज ऐकशील. तरी मागते. सगळे नको घेऊस रे. एकाआड एक घेऊ. एक तुझा, एक