कॅलेंडरवरच्या झाडांचा रोग

मालगुंड, २९ मे २००१

तीर्थस्वरूप भावोजींना श्रीपतीचा साष्टांग नमस्कार.

ताईचे गुडघे आणि तुमचा रक्तदाब ठीक असतील, अशी आशा आहे. (रक्तदाब तरी पत्र संपेपर्यंत सांभाळावा.) तुमच्या मृणालीने चित्रकलेचं खूळ सोडावं, माझ्याकडचा मुक्काम आटोपून शुक्रवारच्या एसटीने दापोलीला यावं आणि डी.एड.चा अर्ज भरावा, हे तुमचं फर्मान पोचलं. उत्तर देतोच, पण आधी शनिवारची हकीकत ऐका, कारण तेव्हापासून मी हट्टाला पेटलो आहे.

शनिवारी वाचनालयात माझं व्याख्यान होतं, 'इंग्रजांची चित्रकला: युद्ध, निसर्ग आणि समाज'. (तीस वर्षं शाळेत ड्रॉइंग शिकवलेल्या माणसाला एवढं झेपेल, असा माझा समज होता.) विलायतेहून आलेल्या जुन्या कॅलेंडरची पानं मी कपड्यांच्या चिमट्यांनी दोरीवर टांगली. 'समाज' म्हणून एक जमीनदार जोडपं होतं, मागे त्यांची शेतं. मी त्यांच्या तोऱ्याबद्दल बोलू लागलो, तर आमचे अध्यक्ष रावजी यांना सातबारा कोणाच्या नावावर आहे एवढंच हवं होतं. 'निसर्ग' म्हणून वादळातलं जहाज दाखवलं. हर्णेहून लेकीकडे आलेल्या विठू तांडेलाने, एवढ्या वाऱ्यात एवढं शीड ठेवणारा माणूस बिनडोक असल्याचा निकाल दिला. मग 'युद्ध'. पहिल्या महायुद्धात तोफांनी भाजून काढलेलं रान, नुसते बुंधे उभे. मी घसा साफ करतोय तोवर गंगाराम बागायतदार उठला, पानाला नाक टेकवून आला आणि झाडांना भिरूड लागलाय, खोडं पोखरलीत म्हणून मोकळा झाला. दुसऱ्याने करपा म्हटलं. फवारणीवरून दोन तट पडले. शेवटी, नमुना दापोलीच्या कृषी विद्यापीठात तुमच्याकडे पाठवावा, असं सर्वानुमते ठरलं. खरं सांगतो, मला रडू यायचं बाकी होतं.

तेव्हा मृणाली उठली. हातात कागदसुद्धा नव्हता. ही झाडं रोगाने नाही, तोफगोळ्यांनी मेली, असं तिने सांगितलं. चित्रकाराला सरकारनेच आघाडीवर पाठवलं होतं, आपल्या फौजेचा पराक्रम रंगवील म्हणून, आणि त्याने रंगवलं ते हे. गंगाराम पुन्हा पानाजवळ गेला. मग म्हणाला, "आनि मान्सं कुटं गेली गो ह्यातली?"

"तेच काढलंय, काका."

गंगारामचा धाकटा भाऊ फौजेतून परत आला नाही, हे साऱ्या गावाला ठाऊक आहे. कोणी खोकलंसुद्धा नाही. भावोजी, तीस वर्षांत माझ्या वर्गात असं एकदाही झालं नाही. तेव्हा ही मुलगी शुक्रवारच्या एसटीत बसणार नाही. तुम्ही रागावलात तरी चालेल.

तुमचा आज्ञाधारक (आजवरचा),
श्रीपती

ता. क. नमुना पाठवता येत नाही. गंगाराम ते पान घरी घेऊन गेला आणि परत देत नाही.

आणखी ता. क. मुंबईच्या चित्रकला महाविद्यालयाचा अर्ज काल टपालात पडला. प्रवेशपरीक्षेला तिला तुम्ही घेऊन जावं, एवढंच मागणं आहे. मी नेलं तर ती पेपर लिहील, पण सारखी दाराकडे बघत.

शेवटचा ता. क. अर्जावर पालकाची सही लागते. ताई शनिवारी गणपतीपुळ्याला दर्शनाला आली होती ना, ती संध्याकाळी वाचनालयात मागच्या बाकावर होती. सही तिची आहे. तुम्ही हे वाचताना ती समोरच बसली असेल. काही बोलण्याआधी तिला एकदा विचारा, गंगारामला मृणालीने दिलेलं उत्तर ऐकून ती का रडली.