दुपारच्या गाडीची कविता

सर, काल सिरसाळ्याच्या एसटीडी बूथवरून हेडमास्तरांचा फोन आला. शाळेच्या वाचनालयाला तुमचं नाव देणार आहेत आणि आत, दारासमोरच्या भिंतीवर, तुमची कविता लावणार आहेत. "अक्षर तुझंच पायजे बाई, नकाशे काढतीस ना तू?" मी हो म्हणाले. कोणती कविता, हे विचारायची गरज नव्हती. तुमच्या नावावर एकच आहे.

ऑफिसात आता नकाशे संगणकावर निघतात, माझी पेनं डब्यात पडून असतात. काल ती धुतली, कागद ताणून बसवला, आठ ओळींच्या जागा आखल्या आणि नववीत तुम्ही शिकवलंत तसं आधी मोठ्यानं वाचून पाहिलं. मधली सुट्टी, तुम्ही फळ्यापाशी उभे, मी माझी कवितेची वही घेऊन पहिल्या बाकापाशी. प्रत्येक ओळीला तुमचा एकच प्रश्न: "हे बघितलंस का तू, का निस्तं लिवलंस?" न पाहिलेलं तुम्ही खोडायला लावता. चंद्र जातो, मोगरा जातो, वीस ओळींच्या आठ होतात. उरतं ते स्टँडवरचं तापलेलं बाकडं, कंडक्टरची घंटी, आणि दुपारच्या गाडीतून उतरणाऱ्यांत एक चेहरा शोधणं. "आता हात लावू नको," म्हणून तुम्ही खिशातलं पेन मला देता. कामात अचूक म्हणून लोक मला ओळखतात. ती सवय पॉलिटेक्निकनं लावलेली नाही.

त्या वर्षीचं शाळेचं हस्तलिखित नेहमीप्रमाणे मीच उतरवलं. सगळ्यांच्या कविता माझ्या अक्षरात, प्रत्येकीखाली ज्याचं त्याचं नाव. फक्त माझ्या कवितेखाली मी घाबरून नाव घातलं नाही. गावानं धरलं की बिननावाची कविता उतरवणारीचीच. बाबा ते बाड घेऊन थेट शिक्षकांच्या खोलीत आले, मी त्यांच्या मागोमाग दारात.

"सर, कुणाची वाट बघतीय आमची पोरगी?"

तुम्ही चष्मा पुसत होता. "तिची कावून आसंल? माझी हाय कविता. नाव घालायचं राहिलं."

"तुमची? या वयात?"

"आमची मंडळी माहेरी धर्मापुरीला गेली की याच गाडीनं परत यायची. ती गेली, वाट बघायची सवय न्हाई गेली."

बाबांनी मान खाली घातली. तुम्ही माझ्याकडं हात केलात, मी तुमचंच पेन दिलं, आणि तुम्ही माझ्या आठ ओळींखाली सही केलीत. मी काही बोलले नाही. पुढे तुम्ही स्टँडवरून निघालात की पोरं ओरडायची, "सर, गाडी लागली बगा, काकू उतरल्या का?" तुम्ही हात हलवून पुढं जायचात. मी ते ऐकायची आणि तेव्हाही बोलायची नाही. मी पॉलिटेक्निकला असताना तुम्ही गेलात. मी अजून लिहिते, हे तुम्हाला सांगायला येणारच होते.

आज सकाळपासून तीनदा पेन भरलं, तीनदा धुतलं. आठही ओळी शाईत झाल्या आहेत, खालची जागा मोकळी आहे. तुमचं नाव घातलं तर मी पुन्हा त्याच दारात गप्प उभी. माझं घातलं तर तुम्ही खोटे ठरता, तेही बाबांसमोर; नाव देण्याच्या कार्यक्रमात त्यांना पहिल्या रांगेत खुर्ची आहे. मघाशी पेन्सिलनं माझं नाव लिहिलं, फिकट. खोडलेलं नाही. त्यावर शाई फिरवायला हात उचलत नाही, म्हणून हे लिहीत बसले आहे.

तुम्ही कधी विचारलं नाहीत, म्हणून एक सांगायचं राहिलं. बाबांचा संशय खरा होता, सर. दर शनिवारी त्या गाडीतून कुणीतरी उतरायचं. मी ते बघितलं होतं, निस्तं लिवलं नव्हतं.