शेवटच्या सरावाचे मार्क

टीचर,

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमच्या कबरीवरच्या अक्षरांत काळा रंग मी दोनदा भरून घेतला. यंदा नोव्हेंबरमध्ये, मृतांच्या दिवशी, मेणबत्ती लावली, फुलं ठेवली, प्रार्थना म्हटली, आणि जे सांगायचं ठरवून गेले होते ते न सांगताच परत आले. शेजारच्या कबरीपाशी माणसं होती, असं कारण मी स्वतःला दिलं. म्हणून आता लिहिते आहे. लिहिताना हाताला घाम येतोय, तुमच्यासमोर पेपर सोडवायला बसले की यायचा तसाच. "बाय, पेपर भिजवशील," म्हणत तुम्ही माझ्या मनगटाखाली हातरुमाल सरकवायचात.

माझं बारावीचं वर्ष होतं. दूर दक्षिणेत कायद्याचं एक कॉलेज आहे, बारावीनंतर तिथे थेट घेतात, पण त्यांची स्वतःची प्रवेश परीक्षा असते, एवढंच मला ठाऊक होतं. त्या परीक्षेचे क्लास वसईत नव्हते. मुंबईत असले तरी आम्हाला कोण सांगणार? पप्पा वाडीतून आले, पाय धुतले आणि ओट्यावर बसून म्हणाले, "एक वरस देतो. पन एकच. नाय जमलं तर डी.एड.चा फॉर्म भरायचा, मग रडायचं नाय." ते रागावून बोलले नव्हते, म्हणून मला जास्त भीती वाटली. रागात बोललेलं ते विसरायचे. शांतपणे बोललेलं कधी विसरत नसत.

दुसऱ्या दिवशी मी एस.टी.ने माणिकपूरला तुमच्याकडे आले. तुम्ही नुकत्याच आपल्या शाळेतून रिटायर झाला होतात, एकट्याच राहत होतात. सगळं ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "कायदा मला येत नाही. प्रश्न मात्र वाचता येतो. तो तुला येतो का, ते आधी बघू." तुमची एक जुनी विद्यार्थिनी त्याच कॉलेजात होती. तिला पत्र घालून तुम्ही जुन्या पेपरांचा गठ्ठा उत्तरांसकट मागवलात. मंगळवारी आणि शनिवारी पेपर, तोही स्वयंपाकघरात. बाहेरच्या खोलीत शांतता असताना आत का, असं मी विचारलं. तुम्ही म्हणालात, "परीक्षेच्या हॉलमध्ये काय सगळे श्वास रोखून बसणार आहेत तुझ्यासाठी?" मी प्रश्न सोडवतेय आणि माझ्या पाठीमागे कुकरची शिट्टी होतेय, तुम्ही बोंबील साफ करताय, मांजर दाराशी ओरडतंय. माझं घड्याळ तुम्ही आधीच काढून घेतलेलं असे. "वेळ मी सांभाळीन. तू प्रश्न सांभाळ."

पहिल्या पेपरात शंभरपैकी एकेचाळीस पडले. शाळेत इतके कमी मार्क मला कधीच मिळाले नव्हते. एस.टी.त खिडकीकडे तोंड करून रडले, आणि घरी आईला पोट दुखतंय म्हणून सांगितलं. मग हळूहळू मार्क चढले. इंग्रजी सुधारलं, सामान्य ज्ञान पाठ करून सुधारलं. बासष्टपर्यंत आले आणि तिथेच अडकले. बासष्ट, एकसष्ट, पुन्हा बासष्ट. फेब्रुवारी संपत आला होता, मला रात्रीचं जेवण जाईना, आणि पप्पा मार्क विचारत नव्हते. ते रोज नुसते माझ्या तोंडाकडे बघायचे.

चूक तुम्हीच शोधलीत. एका शनिवारी चुकलेले सगळे प्रश्न तुम्ही एका कागदावर उतरवून घेतलेत. जवळजवळ सगळे एकाच भागातले होते. त्या भागात आधी कायद्याचं तत्त्व दिलेलं असायचं, खाली एक प्रसंग, आणि दोषी कोण ते सांगायचं. तत्त्व असं होतं की मालकाच्या परवानगीशिवाय दुसऱ्याच्या जमिनीत जो पाऊल टाकेल तो दोषी, मग हेतू काहीही असो, नुकसान होवो न होवो. प्रसंग असा की ए रोज सकाळी बीच्या बागेतून चर्चला जातो. मी लिहिलं होतं, ए दोषी नाही.

"का नाही?" तुम्ही विचारलंत.

"टीचर, तो चर्चला चाललाय."

"बरं. बाजाराला चालला असता तर?"

"तरी नाही. बीने त्याला कधी अडवलं नव्हतं ना."

"असं पेपरात लिहिलंय?"

"लिहिलं नाहीये. पण असं कुणी अडवतं का?"

तुम्ही चष्मा काढून डोळे पुसेपर्यंत हसलात. मला काही कळेना. आमच्या गावात घरापासून रस्त्यापर्यंत जायचं तर तीन वाड्या ओलांडाव्या लागतात, केळीच्या बुंध्यांमधून पायवाट असते, आणि ती वाट कुणाची असं मी जन्मात कधी विचारलं नव्हतं. दुसऱ्याच्या विहिरीवरून पाणी नेलं, पडलेला आंबा उचलला, वाटेत आलेली फांदी छाटली, या सगळ्या प्रश्नांत मी सगळ्यांना सोडून दिलं होतं. तुम्ही एकदम गंभीर झालात. "हे बघ, बाय. तुझा बी आपल्या गावात राहतो. पेपरातला बी कुठे राहतो ते आपल्याला ठाऊक नाही. तू पेपर सोडवत नाहीयेस, कन्फेशनला बसलेल्या फादरसारखी एकेकाला माफ करत सुटलीयेस. तुला माफ करायला कुणी बोलावलंय? तत्त्व वाच. तीनदा वाच. त्यात जेवढं आहे तेवढंच खरं, बाकी गाव घरी ठेवून ये."

गाव घरी ठेवायला मला महिना लागला. मार्क मात्र चढले. अडुसष्ट, सत्तर, त्र्याहत्तर. पप्पांनी त्या आठवड्यात पहिल्यांदा विचारलं, "कसं चाललंय?" मी त्र्याहत्तर म्हटलं तर त्यांनी मान हलवली आणि बाहेर जाऊन शेजाऱ्याला सांगितलं. ते मी आतून ऐकलं. पुढच्या मंगळवारी एकोणसत्तर. शनिवारी सदुसष्ट. परीक्षा आठ दिवसांवर आली होती. येत असलेली उत्तरं मी खोडून दुसरी लिहायला लागले होते. "पहिलं लिहिलेलं खोडू नकोस," तुम्ही ओरडलात, आणि मी आणखी खोडलं. तेव्हा मला वाटत होतं की मी नापास झाले तर डी.एड. करीन, मुलांना शिकवीन, जगेन. पण पप्पांनी शेजाऱ्याला सांगितलेलं ते त्र्याहत्तर परत कसं घेणार?

परीक्षेच्या गावी निघण्याआधीचा शेवटचा सराव. मी लिहून संपवलं आणि तुमच्यासमोर बसून राहिले. तुम्ही लाल पेन्सिलीने तपासताय. तुमच्या वर्गात पहिल्या बाकावर बसणाऱ्या आम्हा मुलींना तुमच्या खुणा उलट्या बाजूने मोजायची सवय होती. तुमची पेन्सिल पान उलटते आणि मी मोजते. सहासष्ट. मी पुन्हा आठवून बघते, सहासष्टच. तुम्ही मिनिटभर कागदाकडे बघत बसलात. मग वर काहीतरी लिहून कागद माझ्याकडे फिरवलात. अठ्ठ्याहत्तर.

"झालं," तुम्ही म्हणालात. "यापेक्षा जास्त कुणाला पडणारेत? आता पुस्तक उघडायचं नाही. घरी जा, केस धू, आणि झोप." मग माझ्याकडे पाठ करून तुम्ही चहाचं आधण ठेवलंत. निघताना केळीच्या सुक्या पानात बांधलेली सुकेळी हातात दिलीत, प्रवासात खायला.

टीचर, तुमच्या वर्गातला नियम मी विसरले नव्हते. बेरीज चुकून एखादा मार्क जास्त पडला, तर मुलीने स्वतः उभं राहून सांगायचं. तुम्ही तो मार्क कापायचात आणि सगळ्या वर्गाला तिच्यासाठी टाळ्या वाजवायला लावायचात. पाचवीत एका मार्कासाठी मीही उभी राहिले होते. त्या दिवशी बारा मार्क जास्त होते, आणि मी चहा प्यायले, कागद घडी करून पर्समध्ये ठेवला आणि थँक यू म्हटलं. पायऱ्या उतरेपर्यंत माझा त्या अठ्ठ्याहत्तरवर विश्वास बसायला लागला होता. घरी गेले, केस धुतले, आणि कितीतरी दिवसांनी झोपले. परीक्षेत मी एकही उत्तर खोडलं नाही. यादीत नाव आलं, शेवटून शोधायला सुरुवात केली तर लवकर सापडेल इतकं खाली, पण आलं. पप्पांनी त्या संध्याकाळी तुमच्याकडे सोनचाफ्याची परडी पाठवली.

पुढे मी वकील झाले, वसईच्या कोर्टात उभी राहिले, लोकांच्या वाटांचे आणि बांधांचे दावे लढले. तुम्ही आजारी पडलात तेव्हा मला कामातून दिवसाआड यायला जमायचं. एका दुपारी हॉस्पिटलात तुम्ही माझा हात धरलात. "बाय, तो शेवटचा पेपर... त्याचं मी फादरना सांगितलंय. पण तुला सांगायचं राहिलं."

मी म्हटलं, "कुठला पेपर, टीचर? मला नाही आठवत."

"तुझा. जायच्या आधीचा."

"इतके पेपर झाले. बोलू नका, दम लागतोय तुम्हाला."

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. तुम्हाला कळलं की नाही ते मला कधीच समजणार नाही. मग तुम्ही हात सोडलात आणि पाणी मागितलंत. त्या आठवड्यात तुम्ही गेलात.

तुम्हाला लाजवायचं नव्हतं म्हणून मी तसं म्हटलं, असं मी बरीच वर्षं धरून चालले. ते खरं नाही. तुमचं बोलणं पूर्ण झालं असतं तर ते अठ्ठ्याहत्तर गेले असते, आणि मला ते हवे होते. तुम्ही मला धीर यावा म्हणून खोटं बोललात आणि त्याची बोच घेऊन फादरपर्यंत गेलात. मला फक्त "मला माहीत होतं, टीचर" एवढंच म्हणायचं होतं. तुम्ही हसला असतात, बहुतेक.

हे पत्र कुठे टाकायचं ते मला माहीत नाही, म्हणून फाइलींच्या कपाटात राहील. आणखी एकच सांगते. मागच्या महिन्यात आपल्या शाळेत मुलींशी बोलायला बोलावलं होतं. तशाच प्रवेश परीक्षेला बसणारी एक मुलगी उभी राहिली, हातातला रुमाल पिळत होती. तिने विचारलं, "मॅडम, शेवटच्या सरावाला तुम्हाला किती पडले होते?" मी तिच्याकडे बघितलं, आणि अठ्ठ्याहत्तर म्हटलं.